नाकोबाची पसंती

११ जानेवारी

आज सकाळी न्हाणीघरातल्या फळीवरच्या सगळ्या बाटल्या खाली उतरवल्या आणि एकेकीच्या पाठीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचून काढली. शांपू, हाताला लावायचं क्रीम, फरशी पुसायचं ते निळं पाणी, भांड्यांचा साबण. क्रीमच्या डबीवर ढीगभर नावं होती. त्यातलं मला ओळखता आलं ते एकच, पाणी. बाकीच्यांशी माझी तोंडओळखही नाही आणि ही मंडळी रोज माझ्या अंगावर चढून बसतात! एक खोकं आणलं आणि सगळ्यांना निरोप दिला.

नाकोबा दारात उभा राहून बघत होता. "केसांना काय लावू मग आता?"

"खोबरेल."

"आणि भांड्यांना?"

"खोबरेलाचाच साबण. मी घरी करणार."

"भाजीला?"

"तेच."

"म्हणजे मी, कढई आणि भाजी, तिघं एकाच वासाचे," असं म्हणून तो खाली कामाला गेला.

खाली म्हणजे तळमजल्यावरच्या त्याच्या दुकानात. माझा नवरा लाकडी सामानाला पॉलिश करतो. दुकान खाली, घर वर, मध्ये लाकडी जिना. त्या जिन्यातून लग्न झाल्यापासून थिनरचा आणि लॅकरचा वास वर येतोय आणि त्या वासाने माझं डोकं धरतंय. मी कितीदा म्हटलं, हे विष आहे, बंद कर. तो म्हणतो, ह्या विषावरच घर चाललंय. तेही खरं. तेव्हा यंदा मी ठरवलं, खालचं राज्य त्याचं, पण जिन्याच्या वरच्या पायरीपासून माझं. वर जे येईल ते नारळाचं नाहीतर साधं, नाव ओळखता येईल असं.

नाकोबा हे नाव नणंदेने ठेवलेलं, लहानपणीच. त्याच्या नाकाची कीर्तीच तशी. डोळे मिटून नुसत्या वासावर सागवान की शिसव ते सांगतो. भाजी बुडाला लागली की जिन्याच्या मधल्या पायरीवरून ओरडतो. मी केसांना काय लावलंय ते मी बोलायच्या आत ओळखायचा. आणि जेवायला बसला की आधी वास, मग शेरा, मग घास. त्या शेऱ्यांपायी मी किती वेळा ताट आपटलंय, ते लिहीत नाही.

आजपासून लिहून ठेवणार. माझे बेत बहुतेक अर्ध्यात राहतात, असं घरात बोललं जातं. हा राहणार नाही.

१९ जानेवारी

पहिलं तेल निघालं!

नारळ फोडले, खवले, कोमट पाण्यात वाटले, पंच्यातून पिळून दूध काढलं आणि मोठ्या काचेच्या बरणीत झाकून ठेवलं. सकाळी बघते तर बरणीत थर. खाली पाणी, वर मऊ पांढरी साय आणि मध्ये तेल, इतकं नितळ की पलीकडची खिडकी दिसत होती. मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. मुलगी शिकायला गेल्यापासून या स्वयंपाकघरात उभं राहण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

पळीने तेल अलगद काढून घेतलं. बऱ्याच ठिकाणी वाचलं की शेवटी ते मंद आचेवर थोडं गरम करावं, म्हणजे उरलंसुरलं पाणी उडून जातं. मी नाही केलं. एवढं निर्मळ तेल, त्याला आच कशाला दाखवायची? कच्चं ते कच्चंच राहू दे.

बरणी नाकोबासमोर धरली. त्याने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "छान."

"एवढंच?"

"छान आहे म्हटलं ना. त्यात ओल नाही ना राहिली?"

"ते काय फळकूट आहे ओल राहायला?"

हसला. चोथा फेकला नाही, ताटांत पसरून वाळत घातलाय. त्याचं पीठ होतं.

२६ जानेवारी

थंडीने तेल गोठून पांढरंशुभ्र झालंय. चमच्याने खरवडून तव्यावर टाकते. मजा वाटते.

२९ जानेवारी

साबणाची गोष्ट लिहायला नको वाटतेय, पण खरं लिहायचं ठरलंय.

खोबरेलाचा साबण करायला कॉस्टिक सोडा लागतो. हे मला बाजारातून डबा आणल्यावर कळलं, कारण डब्यावर कवटीचं चित्र होतं. नेमकी त्याच वेळी नणंद आली. ती इस्पितळात एक्स-रे काढते आणि कामावरून घरी जाताना आमच्याकडे डोकावते, मुख्यतः मला चिडवायला.

"वहिनी, हे तुंबलेल्या मोरीत घालतात ना गं?"

"साबण मुरला की त्यातला सोडा उरत नाही. मी वाचलंय."

"उरत नाहीच. मी कुठे म्हणते उरतो? पण तू बिनविषारी घर करतेयस आणि पहिली खरेदी कवटीची, म्हणून आपलं विचारलं."

"तू तुझे फोटो काढ."

"काढते ना. पण मला एकदा सांगच, विष म्हणजे नक्की कोणतं? नावानिशी सांग. सगळंच विष म्हटलंस तर खरं विष कुठलं ते कळणार कसं?"

मी डबा फिरवून कवटीचं तोंड भिंतीकडे केलं. सोडा पाण्यात घालायचं काम नाकोबाने केलं, गच्चीवर, हातमोजे घालून. मास्क मात्र गळ्यातच लोंबत होता. मी आणि नणंद वाफेने खोकत मागे सरकलो. हा पठ्ठ्या तसाच वाकून ढवळत उभा. याला म्हणतात सवय.

४ फेब्रुवारी

नारळाच्या दुधाचा चहा केला. दूध चहात पडलं आणि फाटलं. वर तेलाची नक्षी, खाली गाळ. एक घोट घेतला आणि मोरीत ओतला. वासही कसलातरी, ओल्या फडक्यासारखा. दूध कालचं होतं.

नाकोबाने पूर्ण कप संपवला. वर म्हणाला, "गरम होता, बरं वाटलं."

मी बघतच राहिले. हा तोच माणूस, ज्याने एकदा पाहुण्यांच्या घरी दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून चहा टेबलावर ठेवला होता. महिनाभर साधं, शुद्ध अन्न पोटात जातंय त्याचा हा परिणाम, दुसरं काय? रागीटपणा गेला, खोडी काढणं गेलं. ताटात पडेल ते मुकाट जेवतो. नणंदेला फोन करून सांगितलं, "तुझ्या भावाला नारळाने माणसात आणलं."

ती म्हणाली, "अरे वा. त्याला ताप-बिप नाही ना?"

११ फेब्रुवारी

मोठी बातमी. पलीकडच्या गल्लीत जे पाळणाघर आहे, त्याच्या बाई आज घरी आल्या. गेल्या आठवड्यात मी नमुन्याला दिलेली नारळाच्या पिठाची बिस्किटं त्यांच्या मुलांनी खाऊन संपवली म्हणे. काही मुलांना दूध चालत नाही. त्यांच्यासाठी नारळाचं दूध, पीठ आणि सगळ्यांच्या खाण्यासाठी तेल, असं त्यांना कायमचं हवंय. एक मार्चला पहिला माल न्यायचा. तो पसंत पडला तर वर्षभर त्यांचं स्वयंपाकघर माझ्याकडे.

उंच, हळू बोलणाऱ्या बाई. म्हणाल्या, "मला एकच भीती. लहान मुलं सांगू शकत नाहीत. काही खराब असलं तर ती नुसती रडतात, आणि का रडतात ते आम्हाला उशिरा कळतं."

मी म्हटलं, "काळजीच करू नका. आमच्या घरी एक नाक आहे. त्याने पसंत केल्याशिवाय इथून काही बाहेर जात नाही."

त्या हसल्या. मी हसले नाही, कारण हे अगदी खरं आहे. माझ्या स्वतःच्या नाकावर आता माझा भरवसा नाही. केसांना, हातांना, उशीला, रुमालाला एकच वास. मला सगळी दुनियाच खोबऱ्याची वाटते. ताजं-शिळं काही उमगत नाही. बरं झालं घरात नाकोबा आहे.

एवढ्या वर्षांत कोणी माझ्याकडे काही मागायला जिना चढून आलं, हे पहिल्यांदाच. लोक येतात ते खालीच थांबतात.

१६ फेब्रुवारी

नणंद जेवायला होती. खोबरेलात परतलेली भाजी बघून सुरू झाली. "वहिनी, चांगलंय गं तेल, पण ते तेलच आहे. औषध नाही. भावाच्या शिरांचा विचार कर आणि हात आखडता घे."

मी म्हटलं, "बरं." तिचं अगदीच चूक नाही. उद्यापासून थोडं कमी.

मग ती भावाच्या ताटाकडे बघून म्हणाली, "दादा, तू एवढं तिखट कधीपासून खायला लागलास रे? भाजी दिसत नाहीये त्याखाली."

"मजा येते," नाकोबा म्हणाला.

"नाकातून पाणी येतंय तुझ्या."

"म्हणून तर मजा येते."

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. बहीण-भावांचं काय चाललेलं असतं, कळत नाही.

२२ फेब्रुवारी

आज थोडक्यात वाचलो. नारळ आणायला गेले होते. आले तर जिन्यातच गॅसचा वास. धावत वर. शेगडीची कळ अर्धवट उघडी, मीच घाईत बंद केली नसणार. आणि ओट्यापासून हाताच्या अंतरावर नाकोबा खुर्चीत बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होता!

खिडक्या उघडल्या, कळ बंद केली, त्याला हाताला धरून गच्चीत नेलं. तो पांढराफटक पडला होता. मी म्हटलं, "अरे, एवढा वास मारतोय!" तर नुसता माझ्या हाताकडे बघत राहिला.

कोडं हातात असलं की याला जगाची शुद्ध नसते. शब्दकोडी बंद, असं मी जाहीर केलं. त्याने एका शब्दाने वाद घातला नाही. संध्याकाळी स्वतः जाऊन गॅस गळला की ओरडणारं एक यंत्र विकत आणलं आणि शेगडीच्या वर ठोकून बसवलं. माझ्या चुकीसाठी त्याने एवढं करावं, याचं मला फार वाटलं.

२८ फेब्रुवारी

उद्या माल न्यायचा. सगळ्या बरण्या ओट्यावर मांडल्या. ऊन वाढलंय, तेल पुन्हा पातळ झालंय, पिठाचे डबे भरलेत. दुकानातून नाकोबाला वर बोलावलं. त्याने हात धुतले, एकेक झाकण काढलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं. "छान." पुढची बरणी. "हेही छान." पीठ. "उत्तम."

उत्तम! हा शब्द मी त्याच्या तोंडून या घरात कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, त्याला मिठीच मारावी. मारली. अंगाला लॅकरचा वास येत होता, पण आज म्हटलं, असू दे.

१ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.

२ मार्च

लिहिते.

पाळणाघराचं स्वयंपाकघर म्हणजे पांढऱ्या फरशीची एक लांबट खोली. तिथे उतू गेलेल्या दुधाचा, पावडरीचा, रंगाच्या खडूंचा वास होता. माझ्या घरातला एकही वास नाही. मी पिशवी टेबलावर ठेवली, त्यांच्या स्वयंपाकीणबाईंनी पहिल्या बरणीचं झाकण उघडलं आणि त्या मागे सरकल्या.

आणि मला वास आला. मला स्वतःला. खवट, आंबूस, जुन्या कपाटातल्या सुक्या खोबऱ्यासारखा. दुसरी बरणी, तोच. पिठाला तर बुरशीचाही. ओल राहिली होती. मीच ठेवली होती. आच दाखवायची नाही म्हणून ठेवली होती.

बाई ओरडल्या नाहीत. शेजारच्या खोलीत मुलं झोपली होती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होतात, घरात कोणीतरी वास घेतं." त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पिशवी घेऊन परत आले ती थेट दुकानात. नाकोबा एका टेबलाचा पाय पॉलिश पेपरने घासत होता. मी बरणी त्याच्या नाकाखाली धरली.

"हे छान आहे?"

त्याने हात थांबवला.

"सांग ना! हे उत्तम आहे? मला हसायचं होतं का तुम्हा लोकांना? की म्हटलं, करू दे बाईला दोन महिने खटाटोप, आपण छान म्हणून मोकळं व्हावं?"

"तसं नाही गं."

"मग कसं? वास घेतलास ना तू? प्रत्येक बरणीचा घेतलास. मी समोर उभी होते!"

"घेतला," तो म्हणाला. "आला नाही."

मला समजलंच नाही. मी विचारलं, काय आला नाही?

"कसलाच येत नाही. गेल्या ऑक्टोबरपासून. त्या मोठ्या ऑफिसच्या दारांना लॅकर मारत होतो ना, बंद खोलीत, तेव्हापासून."

"मास्क?"

"लॅकर वाळलं की नाही ते मी वासावर ठरवतो. मास्क लावला की मी आंधळाच. म्हणून काढून ठेवायचो."

तो पुन्हा टेबलाचा पाय घासायला लागला. घासायचं काही उरलं नव्हतं, तरी घासत होता. मग खाली बघूनच म्हणाला, "तू बरणी पुढे केलीस की मी तुझ्या तोंडाकडे बघायचो. तू खुशीत असलीस की समजायचो तेल चांगलं असणार. तू रोजच खुशीत होतीस. इतकी खुशीत मी तुला फार दिवसांनी बघत होतो."

मी म्हटलं, "आणि मी तुझ्याकडे बघून खुशीत होते, गाढवा."

दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि एका विना-पॉलिशच्या पलंगाच्या कडेला दोघं बसून राहिलो. चहा. तिखट. गॅस. एकेक करून माझ्या डोळ्यांपुढे यायला लागलं. आणि मी सगळं श्रेय नारळाला देऊन बसले होते!

५ मार्च

त्याला विचारलं, मला का नाही सांगितलंस? बहिणीला तरी सांगायचंस, ती इस्पितळातलीच आहे.

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "तू म्हणाली असतीस, बघ, मी सांगत होते. आणि तू बरोबर असतीस. मग दुकानाचं काय करायचं हा प्रश्नच उरला नसता. तू चुकीची असतीस तर तुझ्याशी भांडता तरी आलं असतं, पण तू बरोबर असल्यावर काय भांडणार?"

मी तसंच म्हणाले असते. त्या दिवशी खालीसुद्धा ते अगदी जिभेवर आलं होतं. जीभ चावली. पुढेही चावायची आहे, रोज, बहुतेक.

विष-विष म्हणून मी वर भांड्यांचा साबण बदलत बसले, आणि ज्याला खरंच लागलं तो माझ्यासमोर बसून जेवत होता. नणंदेने विचारलं होतं त्याचं उत्तर आता माझ्याकडे आहे, पण तिला कळवायची हौस राहिली नाही.

८ मार्च

नणंदेला नाकाचं सांगितलं आणि तिने लगेच नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. तिला म्हणे जेवायला आली त्या दिवशीच शंका आली होती. "मग बोलली का नाहीस?" तर म्हणते, "तू इतक्या जोरात होतीस वहिनी, मध्ये शिरायला फट मिळेना."

डॉक्टरीणबाई तरुण, पण थेट बोलणाऱ्या. नाकाच्या आतल्या नाजूक भागाला त्या वाफांनी इजा झालीय. वास परत येऊ शकेल, थोडा येईल, कदाचित नाहीही. बंद खोलीत फवारणी पूर्ण बंद. काम करायचं तर चांगला मास्क, मोठा पंखा, उघडी खिडकी. आणि नाकाचा व्यायाम: लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी, असे ठळक वास रोज सकाळ-संध्याकाळ शांतपणे घ्यायचे, तो वास कसा असायचा ते आठवत.

"खोबरेल चालेल का एखादं?" मी विचारलं.

"चालेल. पण चांगलं हवं," त्या म्हणाल्या. नणंद खिडकीकडे तोंड करून हसली.

१० मार्च

पाळणाघरात गेले. नुसतं तोंड चुकवत त्या गल्लीतून जाणं मला जमलं नसतं.

बाईंना सगळं सांगितलं, आचेचं आणि नाकाचं. म्हटलं, "माल माझ्या हट्टाने खराब झाला. नाक बिघडलेलं होतं."

"कोणाचं?"

"दोघांचंही."

एक लहान मुलगी येऊन त्यांच्या ओढणीला नाक पुसून गेली. मग म्हणाल्या, "मे महिन्यात पुन्हा आणा. एकच बरणी. पण या खेपेला तपासायची पद्धत सांगा मला, माणूस नको."

योग्यच बोलल्या.

२७ मार्च

पद्धत सापडली आणि ती नाकोबानेच सांगितली. तेल मंद आचेवर ठेवायचं. त्यात पाणी आहे तोवर ते बोलतं. आधी बुडबुडे, मग बारीक तडतड, मग एखादाच टिचका आणि मग पूर्ण शांत. शांत झालं की काढायचं.

आता तो रोज कढईजवळ कान लावून उभा असतो. मला गप्प राहायला सांगतो. "श्श, अजून एक आहे आत." आज मी पंखा चालू केला तर ओरडला, "बंद कर, ऐकू येत नाहीये!" बऱ्याच दिवसांनी माझ्यावर ओरडला. बरं वाटलं.

तेल झालं की थोडं बशीत काढून नणंदेकडे जातं. ती घराबाहेरची, म्हणून तिचं नाक कोरं. पिठाचा चोथा शेगडीच्या उबेवर कुरकुरीत होईपर्यंत वाळवते आणि मगच डब्यात भरते.

१४ एप्रिल

दुकानात मोठा पंखा बसला. फवारणीची सगळी कामं त्याने दुसऱ्या एका पॉलिशवाल्याकडे पाठवली, ज्याच्याकडे बाहेर वारं खेळणारी शेड आहे. स्वतः आता हाताने, फडक्याने करायची कामं घेतो. पोळपाट, लाकडी वाडगे, भाजी कापायचे पाट यांना मेण आणि तेल एकत्र करून लावतो. कामं थोडी कमी आली आहेत. तो चिडतो आणि मग पुन्हा कामाला लागतो.

वर माझंही थोडं सैल झालंय. डोकेदुखीची गोळी मी फेकून दिली होती, ती पुन्हा आणली. नाव वाचता येत नाही तिचं. लागू पडते.

२२ एप्रिल

सकाळी डब्या घेऊन बसतो. लवंग. "काही नाही." लिंबू. "काही नाही." गुलाब. "काही नाही." खोबरेल. "काही नाही." मी समोर बसते. कधी कधी मला वाटतं, तो खोटंच "थोडंसं आलं" म्हणेल, माझ्यासाठी. म्हणत नाही. आता मीही तोंड कोरं ठेवायला शिकले आहे.

६ मे

उद्या पाळणाघरात बरणी न्यायची.

कालच्या नारळाचं तेल आज दुपारी कढईत शांत झालं. नाकोबाने मान हलवली, मी काढलं, गार केलं, गाळलं. नणंद कामावरून आली. तिने बशी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाली, "वहिनी, सुरेख. ताजा नारळ फोडल्यासारखं." मी चमचाभर तोंडात घातलं. गोडसर, हलकं. ओळखता येत होतं मला, कारण आठवडाभर मी डोक्याला काही लावलेलं नाही.

बरणी भरत होते तेवढ्यात नाकोबा पाणी प्यायला ओट्याशी आला, बरणीवरून वाकला आणि एकदम मागे झाला.

"शी! काय आहे हे?"

नणंदेच्या हातातली बशी तशीच राहिली.

"रबर जळाल्यासारखं! हे नेणार आहेस तू उद्या? मुलांना? अगं, घाण वास मारतोय!"

बरणी ओढून घेतली, वास घेतला. नणंदेने घेतला. खालून जाणाऱ्या शेजारणीला हाक मारून वर बोलावलं, तिला बिचारीला काही न सांगता बरणी पुढे केली. ती म्हणाली, "नारळ आहे. थोडं द्याल का?"

"जळकं आहे," नाकोबा म्हणाला. "तुम्हा तिघींची नाकं गेलीत."

मग तो थांबला. आम्ही तिघी थांबलो. त्याने हळूच नाकाला हात लावला, जणू तिथे काही बसलंय.

नणंदेने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पलीकडून त्या काय बोलल्या ते ऐकून तिने फोन ठेवला आणि भावाच्या पाठीत एक धपका घातला. "नाक जागं होतंय तुझं. वाकडं जागं होतं कधी कधी, आधी चांगले वास घाण लागतात. सरळ होईल की नाही ते सांगता येत नाही म्हणाल्या. पण जागं झालंय."

मी खुर्चीत बसले. हसू येत होतं आणि पदर ओला होत होता. माझ्या हातचं आजवरचं सगळ्यात चांगलं तेल, आणि तो ते नाक मुरडून लांब ढकलत होता.

"असं काय बघतेस?" तो म्हणाला. "खरंच घाण येतोय वास. उलटी होईल मला."

"होऊ दे," मी म्हटलं, आणि बरणी पुन्हा त्याच्या नाकाखाली धरली. "नीट सांग. अजून कसला कसला येतोय?"